परत एफ.वाय.ला बसू का?

*काकू, मी तासगाव तालुक्यातली, वय चोवीस. 2023 मध्ये बी.कॉम. झाले. कोरोनामुळं एफ.वाय. सगळं आणि एस.वाय. निम्मं मोबाईलवरच गेलं. सध्या बेदाण्याच्या एका पेढीवर हिशेब बघते, पगार चौदा हजार. दोन वर्षांपूर्वी चुलतभावाला नैराश्याच्या उपचारासाठी मिरजेला नेत होतो. तिथल्या समुपदेशक बाईंचं काम जवळून बघितलं आणि आपणही हेच करायचं असं मनानं घेतलं. त्यासाठी सांगलीत परत बी.ए.ला प्रवेश घेऊन मानसशास्त्र करावं म्हणते. वडील म्हणतात, 'पदवी हाय की. परत एफ.वाय.ला बसाय नापास झालीस का?' आईला काळजी, स्थळांना काय सांगायचं. पेढीवरचा एक जण म्हणतो, एका माणसाला दोन पदव्या घेताच येत नाहीत. सांगलीतला एक सेंटरवाला म्हणतो, दीड वर्षात बाहेरून बी.ए. सायकॉलॉजी करून देतो. काय करू? आणि जोडीला बाहेरून एम.कॉम. करून ठेवू का?*
*— तासगावची एक वाचक*

आधी त्या सेंटरवाल्याचं, बाकीचं सावकाश बोलता येईल. त्याला अजून पैसे दिले नसशील तर देऊ नकोस. दिले असशील तर पावती घेऊन जा आणि परत माग. तीन वर्षांची पदवी दीड वर्षात देणारं मान्यताप्राप्त विद्यापीठ आपल्याकडे नाही. मागच्या तारखेचा प्रवेश दाखवायचा, कुठल्यातरी लांबच्या विद्यापीठाचा कागद हातात ठेवायचा, असा तो धंदा असतो. तो कागद भिंतीवर शोभतो, पडताळणीला टिकत नाही. तुझ्यासारख्या मुलीला याचा फटका उशिरा कळतो, नोकरीच्या दारात.

शिवाय मानसशास्त्र बाहेरून करायची वाट आता सरळ मार्गानंसुद्धा बंद आहे, हे त्या सेंटरवाल्यानं तुला सांगितलेलं दिसत नाही. आरोग्यसेवेशी जोडलेल्या व्यवसायांसाठी 2021 मध्ये केंद्राचा एक कायदा आला. त्या कायद्याखाली येणारे विषय दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं शिकवायचे नाहीत, असं यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, ऑगस्ट 2025 मध्ये विद्यापीठांना कळवलं. मानसशास्त्र त्यात आहे, सूक्ष्मजीवशास्त्र आणि आहारशास्त्रही आहे. जुलै-ऑगस्ट 2025 च्या सत्रापासून नवे प्रवेश नाहीत. बी.ए.ला बरेच विषय असतील तर त्यातला मानसशास्त्र तेवढा वगळायचा, बाकीचे चालू. म्हणजे इतिहास, मराठी, अर्थशास्त्र घेऊन मुक्त विद्यापीठातून बी.ए. करणाऱ्यांनी घाबरून जायचं कारण नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून हेच काम करतंय, आणि ज्यांचं नाव त्याला आहे ते आपल्या देवराष्ट्र्याचे.

या नियमानं खेड्यातल्या कितीतरी बायकांची एक वाट गेली, हे मला खटकतं. शेतातलं, चुलीपुढचं आवरून रात्री पुस्तक उघडणारी बाई रोज सांगलीला वर्गात येऊन बसू शकत नाही. पण दुसरी बाजूही खरी आहे. समोर रडत असलेल्या माणसाशी कसं बोलायचं, हे घरपोच आलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यातून येत नाही. तू मिरजेला जे बघितलंस, ते त्या बाईंना कुणीतरी शेजारी बसवून शिकवलेलं असणार.

आता पेढीवरच्या तुझ्या सोबत्याचं. त्याचं अर्धं ऐकीव आणि अर्धं जुनं आहे. एक पदवी संपल्यावर दुसरी घ्यायला बंदी कधीच नव्हती. बंदी होती ती एकाच वेळी दोन पदव्या करायला. तीसुद्धा एप्रिल 2022 मध्ये उठली. आता तासांच्या वेळा एकमेकांवर येत नसतील तर दोन्ही अभ्यासक्रम कॉलेजात जाऊन करता येतात, किंवा एक वर्गात आणि दुसरा दूरस्थ पद्धतीनं. तुझी पदवी तर होऊन गेली आहे, त्यामुळे हा प्रश्न तुला लागूच नाही. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला तुला बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळेल. कॉलेज सोडल्याचा दाखला, बी.कॉम.ची गुणपत्रकं आणि मधल्या वर्षांचं गॅपचं प्रतिज्ञापत्र लागेल. तुझं आधीचं कॉलेज शिवाजी विद्यापीठाचं आणि सांगलीचं कॉलेजही त्याच विद्यापीठाचं, त्यामुळे मायग्रेशनची, म्हणजे विद्यापीठ बदलल्याच्या दाखल्याची, भानगड नाही. प्रवेश समितीच्या टेबलामागं बरीच वर्षं बसलेल्या बाईचं हे बोलणं आहे. कागदांनी कुणाची दुसरी पदवी अडलेली मी पाहिली नाही.

म्हणजे परवानगी आहे. गरज आहे का, ते बघू.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात दोन इच्छा एकमेकींत गुंतल्यात. एक सरळ लिहिलीस, समुपदेशक व्हायचंय. दुसरी लिहिली नाहीस, पण एफ.वाय. मोबाईलवर गेलं हे सांगितल्याशिवाय तुला राहवलं नाही. त्या वर्षीच्या बारावीच्या मुलामुलींचं मी बघितलंय. कॉलेजची फी भरली, ओळखपत्र मिळालं आणि वर्ग म्हणजे रेंज शोधत गच्चीवर बसणं. परीक्षा घरातून, पर्यायी प्रश्नांची. मग एक दिवस हातात पदवी आली आणि कॉलेज असं झालंच नाही. ते राहून गेलेलं परत मिळावं असं वाटण्यात चूक काहीच नाही. मात्र ही इच्छा वेगळी, समुपदेशक होण्याची वेगळी. दोन्हींसाठी बी.ए. हे एकच उत्तर आहे, असं तू न तपासता धरून चालली आहेस.

समुपदेशक व्हायची वाट बघ. नुसत्या बी.ए.वर कुणी समुपदेशक होत नाही. शाळेत, संस्थेत, दवाखान्यात जिथं जाशील तिथं मानसशास्त्रातलं एम.ए. आणि बहुतेक ठिकाणी त्यावर समुपदेशनाचं प्रशिक्षण बघतात. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी लावायची असेल तर एम.ए.नंतर भारतीय पुनर्वास परिषदेनं मान्यता दिलेलं आणखी दोनेक वर्षांचं शिक्षण लागतं. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातली व्याख्याही तीच धरते. तेव्हा खरं दार एम.ए.चं आहे. बी.ए. हा त्या दाराकडं जायचा नेहमीचा रस्ता, पण एकमेव नाही.

विषय बदलून एम.ए.ला जाण्याच्या बाबतीत मधल्या काळात बरंच सैल झालंय. यूजीसीनं 2024 मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा जो आराखडा दिला, त्यात पदवीला कुठलाही विषय असला तरी प्रवेश परीक्षा देऊन वेगळ्या विषयात जायची मोकळीक आहे. प्रत्येक विद्यापीठ ती आपल्या पात्रतेच्या नियमात बसवून घेतं, म्हणून तुला चौकशी करावीच लागेल, त्याबद्दल खाली लिहिते. केंद्रीय विद्यापीठांत जायचं तर सीयूईटी-पीजी ही परीक्षा आहे आणि तीत मानसशास्त्राचा पेपर असतो.

आता वर्षांचा हिशेब मांड, तुझं कामच ते आहे. बी.ए. तीन आणि एम.ए. दोन, पाच वर्षं. नव्या शैक्षणिक धोरणात बी.ए. चार वर्षांचं ऑनर्स केलंस तर एम.ए. एक वर्षाचं, म्हणजे बेरीज तीच. थेट एम.ए.ला गेलीस तर दोन. मधली तीन वर्षं म्हणजे चौदा हजारांनी छत्तीस महिने, पाच लाख चार हजार. अनुदानित कॉलेजात बी.ए.ची फी फार नसते, एस.टी.चं तिकीटही बायकांना 2023 पासून अर्धं आहे, पण बुडालेला पगार हीच खरी फी. नोकरी सांभाळून करू म्हणशील तर तासगावहून सांगली पंचवीसेक किलोमीटर, पंचाहत्तर टक्के हजेरी, मानसशास्त्राची प्रात्यक्षिकं, आणि उन्हाळी परीक्षा नेमक्या तुमच्या बेदाण्याच्या आवकेच्या दिवसांत. मालक किती दिवस चालवून घेईल?

शिष्यवृत्तीचंही आत्ताच सांगते, कारण तिथं पुष्कळ जणांची निराशा होते. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा नियम असा की शिक्षणाचा एक टप्पा पूर्ण करून पुन्हा त्याच टप्प्यावर दुसरा विषय घेतला तर ती मिळत नाही. बी.कॉम.नंतर बी.ए. हे त्याचं पुस्तकी उदाहरण. बी.कॉम.ला मिळाली होती म्हणून बी.ए.लाही मिळेल असं धरू नकोस. 2024 मध्ये राज्यानं मुलींना जी फीमाफी दिली, ती केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना गेलेल्या मुलींसाठी आहे, बी.ए.साठी नव्हे. एम.ए. मात्र वरचा टप्पा आहे, तिथं तू अर्ज करू शकतेस. पैशाच्या बाजूनंही एम.ए.चं पारडं जड आहे ते असं.

आणि बी.ए.च्या वर्गाबद्दल एक. ज्या वर्गात तू परत जाऊन बसशील, तो तुझा राहून गेलेला वर्ग नसेल. बाकावर शेजारी अठरा वर्षांची पोरं असतील. अभ्यासक्रमही तू केलास तो राहिलेला नाही. 2024-25 पासून आपल्याकडच्या संलग्न कॉलेजांतही मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवर मोजलेले श्रेयांक) असं सगळं आलंय. बी.कॉम.च्या क्रेडिटवर एखादं वर्ष वाचेल ही आशाही ठेवू नकोस, ती क्रेडिट पहिल्या पदवीत खर्ची पडली. काही जणांना तरीही असा वर्ग फार मानवतो. माझ्या वर्गात एक संसारी बाई येऊन बसायच्या आणि सगळ्यात जास्त प्रश्न त्याच विचारायच्या. पण त्यांना पदवी पुढं कुठं वापरायची नव्हती, त्यांना शिकायचं होतं. तुला पोचायचं आहे.

म्हणून माझं मत सांगते. येत्या जूनला एफ.वाय.चा फॉर्म भरू नकोस. आधी एम.ए.ची प्रवेश परीक्षा दे.

यात एक खोट आहे, ती झाकत नाही. बी.ए.वाल्या मुलांनी तीन वर्षांत सामान्य मानसशास्त्र, विकासाचं, सामाजिक, अपसामान्य असं टप्प्याटप्प्यानं केलेलं असतं, प्रयोग केलेले असतात, चाचण्या हाताळलेल्या असतात. एम.ए.चे शिक्षक ते येतं असं समजून पुढचं सुरू करतात. पहिल्या सत्रात तुझी दमछाक होईल. त्यावर उपाय एकच, आत्तापासून वाचायला लागायचं. एस.वाय. आणि टी.वाय.चा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या वेबसाईटवर असतो. तो उतरवून घे आणि त्यातली क्रमिक पुस्तकं जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आण. नवी घेऊ नकोस, समासात कुणीतरी लिहिलेल्या खुणा बऱ्याच उपयोगी असतात. केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवर मानसशास्त्राचे अभ्यासक्रम फुकट शिकता येतात, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तरच फी. एका बाबतीत तर तू पुढं आहेस. संख्याशास्त्राच्या पेपरला कला शाखेतली मुलं घाबरतात. मध्य, प्रमाण विचलन, सहसंबंध हे तू बी.कॉम.ला करून आलीस. एम.ए.च्या संशोधन पद्धतीच्या तासाला वर्ग तुझ्याकडं वह्या मागायला येईल.

आणि वाचायला लागल्यावर जर असं वाटलं की हे फार कोरडं आहे, भावाच्या आजारपणात बघितलं ते यात कुठंच दिसत नाही, तर तेही आत्ताच कळलेलं बरं. बी.ए.ची पहिली दोन वर्षं मेंदूची रचना, स्मरणशक्तीचे प्रयोग, सिद्धान्त असंच असतं. पुस्तकं उघडायच्या आधी मिरजेच्या त्या बाईंना वेळ मागून अर्धा तास भेट. त्या कुठल्या वाटेनं आल्या, दिवसात किती माणसं बघतात, किती मिळतात, संध्याकाळी घरी गेल्यावर डोकं कसं रिकामं करतात, हे विचार. पगाराचं विचारायला लाजू नकोस. आपल्या भागात या कामाची गरज मोठी आहे, पण पैसे देणारी पदं कमी आहेत आणि ती बहुतेक शहरांतच आहेत.

प्रवेश परीक्षेत यादीत नाव नाही लागलं, किंवा सहा महिने वाचून पाया फारच कच्चा वाटला, तर बी.ए. कर. मी त्याला कमी लेखत नाही. फक्त तेव्हा ते पाच लाख कशावर खर्च करतेस हे तुला माहीत असेल.

कॉलेज राहून गेलं त्याचं काय, म्हणशील. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या आवारात दोन वर्षं राहून बघ. वसतिगृह आहे, बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आहे, मुलींसाठी कमवा आणि शिका योजना आहे. चोवीस-पंचविसाव्या वर्षी शोभेल असं कॉलेज ते आहे, आणि वर्गात तुझ्या वयाची माणसं असतील. सांगलीहून कोल्हापूर पन्नासेक किलोमीटर, शनिवारी घरी येता येतं.

आता वडील. 'नापास झालीस का' या प्रश्नाला रागावू नकोस. त्यांच्या लेखी पदवी म्हणजे शिक्षण संपल्याची पावती आहे, आणि ती त्यांनी द्राक्षबागेच्या पैशातून फाडलेली आहे. त्यांना सांगलीच्या कोर्टासमोरच्या पाट्या दाखव. बी.कॉम., एलएल.बी. बी.ए., एलएल.बी. तीन वर्षांचं एलएल.बी. ही पदवीनंतरची दुसरी पदवीच आहे. गावातले गुरुजी बी.एस्सी., बी.एड. असतात, कॉलेजचे ग्रंथपाल बी.लिब. असतात. या सगळ्यांनी एक पदवी झाल्यावर दुसरी घेतली आणि कुणी त्यांना नापास म्हटलं नाही. एम.ए.चं तर त्याहून सोपं, वर चढल्यासारखं दिसतं. तरी त्यांना पटलं नाही तर त्यांच्याच बागेतलं सांग. डॉगरिजचा खुंट लावून त्यावर थॉमसनचं कलम बांधतात तेव्हा खुंट वाया गेला असं कुणी म्हणत नाही. बी.कॉम. हा खुंट आहे. कलम धरतं का, हे बघायला एक हंगाम द्यायला शेतकरी माणूस नाही म्हणणार नाही. पण बोलायची वेळ बघ. ऑक्टोबर छाटणी झाल्यापासून माल हातात येईपर्यंत द्राक्षवाल्याशी दुसरं काही बोलू नये, हे तुला मी सांगायला नको.

आईची काळजी मला जास्त खरी वाटते, कारण तिला चार घरी उत्तरं द्यावी लागतात. बायोडाटावर 'बी.कॉम., सध्या एम.ए. मानसशास्त्र' लिहिलं तर तिला स्पष्टीकरण द्यावं लागणार नाही. 'बी.कॉम., सध्या बी.ए. प्रथम वर्ष' लिहिलं तर प्रत्येक ठिकाणी द्यावं लागेल. केवळ यासाठी कुणी शिक्षणाची वाट निवडू नये, पण वाट आधीच तीच ठरत असेल तर हा फायदा पदरात पाडून घे. लग्न दोन वर्षं थांबवायचं की नाही, हे मात्र तू आईशी आत्ताच आणि स्पष्ट बोल. परीक्षेच्या तोंडावर साखरपुडा निघाला, अशी माझ्या बघण्यात एक नाही, बऱ्याच मुली आहेत. त्यातल्या काहींनी परीक्षा दिलीच नाही.

पेढीची नोकरी लगेच सोडू नकोस. प्रवेश हातात येईपर्यंत तो चौदा हजारांचा आधार राहू दे आणि त्यातले दरमहा चार-पाच हजार बाजूला काढ. नंतरही मालकाशी बिघडवू नकोस. जीएसटीची विवरणपत्रं भरणारं माणूस त्यांना लागतंच, आणि ते काम वसतिगृहातल्या खोलीतूनही करता येतं. हंगामात शनिवार-रविवार येऊन हिशेब लावून देईन, एवढं म्हणालीस तरी तुझा मेसचा खर्च निघेल.

एम.कॉम.चं विचारलंस. नियमानं चालतं, बाहेरून करता येतं. नको करूस. संध्याकाळचे जे दोन तास तुझ्या हातात आहेत ते मानसशास्त्राच्या पुस्तकांना लागणार आहेत, आणि एम.कॉम. तू करतेस ते 'असू दे, उपयोगी पडेल' म्हणून, एवढंच मला पत्रातून दिसलं.

राहिली चौकशी. कोल्हापूरला मानसशास्त्र विभागात स्वतः जा. फोनवर 'वेबसाईट बघा' एवढंच उत्तर मिळतं. सुट्टी काढून कामाच्या दिवशी साडेअकराच्या सुमाराला पोच, म्हणजे कार्यालयातली माणसं जागेवर असतात. बारावीचं आणि बी.कॉम.च्या सगळ्या सत्रांचं गुणपत्रक, पदवी प्रमाणपत्र, जातीचा दाखला असेल तर तो, आणि प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स ने. विचारायचं एवढंच: वाणिज्य शाखेच्या पदवीधराला यंदा प्रवेश परीक्षा देता येते का, किती टक्के लागतात, आणि दुसऱ्या शाखेच्या मुलांसाठी किती जागा असतात. जे सांगतील ते माहितीपुस्तिकेत कुठल्या पानावर आहे तेही विचारून घे आणि त्या पानाचा फोटो काढून ठेव.